पहाटेचा तास कुणाच्या खात्यावर?

विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर करून आलेलं एक तरी माणूस तुमच्या ओळखीत असेल. कदाचित ते तुम्ही स्वतःच असाल. महाराष्ट्रात असाल तर इगतपुरीच्या धम्मगिरीला जाऊन आला असाल, आमच्यासारखे सिंगापूरला असाल तर मलेशियात कुआंतानजवळच्या धम्म मलायाला. परत आलेला माणूस पहिले काही दिवस पहाटे उठून बसतो. मग मुलाची परीक्षा येते, भारतातून आईबाबा येतात, ऑफिसचं काम वाढतं. तीन महिन्यांनी विचारलं तर तो जरा ओशाळून म्हणतो, "हल्ली बसणं होत नाही हो." आणि त्याचं कारण तो स्वतःच्या आळसात शोधतो.

मला या लेखात त्या माणसाचा आळस तपासायचा नाही. त्याला जो मजकूर दिला गेला तो तपासायचा आहे. ध्यानाचे ग्रंथ आणि प्रवचनं आपण श्रद्धेने ऐकतो किंवा चेष्टेने बाजूला ठेवतो. एखाद्या कादंबरीकडे किंवा नाटकाकडे पाहतो तसं त्यांच्याकडे फारसं पाहत नाही: यात कोण आहे, कोण नाही, काम कोण करतंय, बोलतंय कोण? हे प्रश्न विचारले की एक गोष्ट लगेच दिसते. रोज घरी बसून ध्यान करा असं सांगणाऱ्या मजकुरात बहुतेक वेळा घरच नसतं.

दोन तासांचा हिशेब

सत्यनारायण गोयंका दहाव्या दिवशीच्या प्रवचनात घरी परतणाऱ्यांना किमान काय करायचं ते सांगतात. सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास. झोपण्याआधी आणि जाग आल्यावर अंथरुणातच पाच-पाच मिनिटं. आठवड्यातून एकदा इतर साधकांबरोबर तासभर सामूहिक साधना. वर्षातून एकदा पुन्हा दहा दिवसांचं शिबिर. ऐकणाऱ्याच्या मनात काय येणार हे त्यांना ठाऊक आहे. म्हणून ते लगेच म्हणतात की सुरुवातीला दोन तास हे ओझं वाटेल, पण ते भरून निघतील: झोप कमी लागेल, आणि कामं पूर्वीपेक्षा झटपट होतील.

हा व्यापाऱ्याचा युक्तिवाद आहे आणि तो प्रामाणिक आहे. गोयंका मंडालेत जन्मलेले उद्योजक, सहा मुलांचे वडील. अर्धशिशीच्या त्रासामुळे ते १९५५ साली सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे पोचले. ऊ बा खिन हे स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले महालेखापाल. त्यांनी आपल्या कचेरीतल्या लोकांना ध्यान शिकवलं, १९५२ साली रंगूनला केंद्र उभारलं आणि नोकरी करणाऱ्या माणसाला रजा काढून करता येईल असा दहा दिवसांचा साचा वापरला. गोयंका १९६९ साली भारतात आले आणि त्यांनी पहिलं शिबिर मुंबईत घेतलं. १९७६ पासून धम्मगिरीत शिबिरं होऊ लागली. शिबिराला फी नाही, जातीधर्माची अट नाही. संन्याशाची मानली गेलेली साधना संसारी माणसाच्या हाती देणारी ही परंपरा आहे, आणि माझी टीका त्या उपकाराची जाणीव ठेवूनच आहे.

पण हिशेब पुन्हा पाहा. दोन तास नावे पडले, झोपेतून आणि कामाच्या वेगातून ते जमा झाले. या वहीत खातं एकाच माणसाचं आहे. तो सकाळी सहा ते सात डोळे मिटून बसलेला असताना दूध कुणी तापवलं, डबा कुणी भरला, मुलाला स्वेटर नको म्हणून चाललेला हट्ट कुणी मिटवला, हे त्या वहीत कुठेच नोंदलेलं नाही. तो खर्च झालेला आहे. फक्त दुसऱ्याच्या खात्यातून.

प्रवचनांमध्ये स्वयंपाकघर अजिबात येत नाही असं नाही. खिरीची गोष्ट तुम्हाला आठवत असेल. आई मुलासाठी खीर करते, मुलाला वेलदोड्याचे दाणे काळे खडे वाटतात आणि तो वाटी दूर सारतो. तात्पर्य असं की शिकवणुकीतला एखादा विचार पटत नसेल तर तो बाजूला ठेवा, पण खीर टाकू नका. गोष्ट छान आहे, दाखला चपखल आहे. मात्र तिच्यातल्या मुलाच्या जागी साधक आहे आणि खिरीच्या जागी धम्म. आई फक्त खीर करते. ती कधी बसते, हा प्रश्न गोष्टीला पडत नाही, आणि शेकडो वेळा ऐकणाऱ्या आपल्यालाही पडत नाही.

झोपेतून काढलेला तास

झोप कमी लागेल, हे आश्वासन दहा दिवस मौनात राहून आलेल्या माणसाला खरं वाटतं. लहान मूल असलेल्या घरात मात्र ते तपासून घ्यावं लागतं, कारण तिथे झोपेच्या खात्यात आधीच काही शिल्लक नसते. गोयंकांच्या परंपरेबाहेरचा, पण आपल्या घरोघरी असलेला एक ग्रंथ इथे वेगळा सल्ला देतो. गीतेच्या सहाव्या अध्यायात, म्हणजे ध्यानाच्याच अध्यायात, फार झोपणाऱ्याला योग साधत नाही असं म्हटलं आहे आणि त्याच दमात फार जागणाऱ्यालाही साधत नाही असं म्हटलं आहे. आपण पहिला अर्धा भाग लक्षात ठेवतो.

सिंगापूरच्या वाचकासाठी एक स्थानिक गणित सांगते. हे बेट रेखांशाने जिथे आहे त्या मानाने इथलं घड्याळ जवळजवळ एक तास पुढे आहे. १९८२ पासून ते तसं आहे. त्यामुळे वर्षभर सूर्य सातच्या आसपास उगवतो. ब्राह्ममुहूर्त सूर्योदयाच्या ९६ मिनिटं आधी सुरू होतो असं धरलं तर तो इथे साडेपाचच्या सुमारास येतो. साताऱ्यात मे महिन्यात ज्यासाठी साडेचारला उठावं लागतं, ते क्लेमेंटीत साडेपाचला उठून होतं. पण इथल्या शाळा साडेसातला भरतात आणि शाळेच्या बस साडेसहापासून फिरू लागतात. म्हणजे परंपरेने पवित्र ठरवलेला काळ आणि डबा भरायचा काळ इथे एकमेकांवर येऊन बसतात. एका घरात दोघांनाही ती वेळ हवी असेल, तर ती एकाच वेळी दोघांना मिळणं शक्य नाही.

मग किती वेळ बसलं तर पुरेसं? माझं स्वतःचं संशोधन या विषयातलं नाही, पण निबंध वाचायची सवय आहे, म्हणून दोन आकडे देते. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सुरू केलेल्या आठ आठवड्यांच्या कार्यक्रमात घरी रोज साधारण ४५ मिनिटं सराव सांगितला जातो. अशा कार्यक्रमांच्या ४३ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला. लोकांनी प्रत्यक्षात सांगितलेल्या सरावापैकी सुमारे ६४ टक्के सराव केला होता, म्हणजे दिवसाला अंदाजे अर्धा तास. सराव आणि फायदा यांचा संबंध आढळला, पण तो लहान होता. दुसरा आकडा सवयीचा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या २०१० सालच्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला मध्यक ६६ दिवस लागले. कुणाला १८, कुणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. आणि मधला एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात फारसा अडथळा आला नाही.

या आकड्यांवरून ध्यानाचं अंतिम फळ ठरत नाही. पण "दोन तास जमत नाहीत, मग काय उपयोग" म्हणून गादी गुंडाळून ठेवणाऱ्या माणसाला त्यांचा उपयोग आहे. अर्धा तास ही हार मानण्याची जागा नाही. बहुतेक संसारी माणसं, जगात कुठेही, तेवढंच करतात.

डोंगरावर भाकरी कोण नेतं

आता आपल्याच भाषेतला मजकूर पाहू. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात ज्ञानदेव ध्यानाच्या जागेचं वर्णन करतात आणि ते इतकं लोभस आहे की वाचतानाच तिथे जावंसं वाटतं. बसल्यावर उठावंसं वाटू नये अशी जागा. नास्तिकालाही तप करावंसं वाटावं, राजाला राज्य सोडून तिथेच राहावंसं वाटावं. फळांनी लगडलेली झाडं, जवळ पाणी, मंद वारा, दाट शांतता. मग ते पाखरांकडे वळतात आणि चक्क सवलती देतात: पाण्यालगत दोनचार पक्षी असले तर असोत, एखाद्या वेळी कोकिळ येऊन बसली तरी चालेल, मोर येऊन-जाऊन असले तर आम्ही नको म्हणणार नाही.

कोकिळेला परवानगी आहे, मोराला आहे. मुलाचा उल्लेख नाही. क्लेमेंटीत कोकिळा भरपूर आहेत आणि त्या पहाटे पाचला ओरडायला लागतात तेव्हा त्या सवलतीची किंमत कळते. पण आमच्या घरात ध्यान मोडणारा आवाज कोकिळेचा नसतो. ज्ञानदेवांना दोष देण्याचा प्रश्नच नाही, तो अध्याय योग्याची वाट सांगतो आहे. दोष आपल्या वाचनाचा आहे. आपण ते रान उचलून तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये मांडायला जातो आणि घरच्यांना त्या रानातली श्वापदं ठरवतो.

रानात किंवा डोंगरावर जाणाऱ्याच्या मागे एक वाट नेहमी असते आणि तिच्यावरून कुणीतरी चालत असतं. तुकोबांची कथा आपल्याला पाठ आहे. ते देहूजवळच्या डोंगरावर चिंतनाला बसत आणि जिजाई, म्हणजे आवली, भाकरी घेऊन डोंगर चढत असे. कथेत तिच्या पायात काटा मोडतो आणि तो काढायला प्रत्यक्ष विठ्ठल येतो. कीर्तनांनी या बाईला बराच काळ कजाग ठरवलं. साधी गोष्ट अशी की पोरं उपाशी होती, दुष्काळाचे दिवस होते आणि नवरा डोंगरावर होता.

या बाईला तिची जागा देणारी जी एक कलाकृती मला ठाऊक आहे ती म्हणजे प्रभातचा 'संत तुकाराम', १९३६. दामले आणि फत्तेलाल यांचा हा चित्रपट १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला हे आपण अभिमानाने सांगतो, आणि विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम आठवतो. पुन्हा पाहाल तेव्हा गौरी या नटीने केलेली जिजाई पाहा. आजारी मुलाला घेऊन ती पायातलं खेटर हातात धरून देवळात शिरते, देवाला जाब विचारायला. तीच जिजाई रानात जेवण घेऊन जाते आणि तुकारामाला खाऊ घालते. शेवटी तो वैकुंठाला निघतो तेव्हाही तिचं लक्ष त्याच्या जेवणाकडे असतं. दिग्दर्शकांनी तिला अडाणी दाखवून हशा मिळवला आहे, हे खरं. पण कॅमेऱ्याने तिचे हात दाखवले आहेत, आणि त्या हातांशिवाय तो अभंग लिहिणारा माणूस जगला नसता हे प्रेक्षकाला न सांगता समजतं. ध्यानावरच्या कुठल्याही पुस्तकात मला हे इतकं स्पष्ट दिसलेलं नाही.

विपश्यनेच्या परंपरेतही अशी एक बाई आहे. खरं तर दोन. ऊ बा खिन यांचे गुरू सया थेटजी हे शेतकरी होते. मुलं पटकीत गेल्यावर ते पत्नीची परवानगी घेऊन ध्यान शोधायला बाहेर पडले आणि लेडी सयाडो यांच्याकडे सात वर्षं राहिले. परंपरेच्याच चरित्रात नोंद आहे की त्या काळात त्यांची पत्नी आणि मेहुणी शेतीच्या उत्पन्नातून दरवर्षी पैसे पाठवत होत्या. या एका वाक्यावर ती साखळी उभी आहे: थेटजी नसते तर ऊ बा खिन नाहीत, ऊ बा खिन नसते तर गोयंका नाहीत, आणि मग इगतपुरीही नाही. पुरुषांची नावं गुरुपरंपरेत आली. पिकांचे पैसे पाठवणाऱ्यांसाठी चरित्रात एक ओळ आली.

क्लेमेंटीतली पहाट

आपण म्हणू, तो काळ गेला. आमच्या घरी दोघं कमावतात, दोघं काम करतात. मग क्लेमेंटीतल्या एखाद्या पहाटेकडे पाहा. पूर्व-पश्चिम मार्गावरची पहिली एमआरटी पुलावरून जाते, समोरच्या ब्लॉकमध्ये एकेक स्वयंपाकघर उजळत जातं. त्यातल्या अनेक खिडक्यांत जी बाई उभी असते ती त्या घरची नसते. सिंगापूरमध्ये अडीच लाखांहून अधिक परदेशी स्त्रिया घरकामाला आहेत, फिलिपिन्स, इंडोनेशिया, म्यानमार आणि इतर ठरावीक देशांतून आलेल्या. आपल्या मराठी घरांतही त्या आहेत. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत मोदकांच्या पाठीमागे कधी कधी त्यांचेही हात असतात.

एका गोष्टीपाशी मला थांबावंसं वाटतं. आपण ज्या पद्धतीने श्वासाकडे पाहतो ती ब्रह्मदेशातून आली. आपण श्वासाकडे पाहत असताना आपल्या मुलाचा डबा भरणारी बाईही अनेकदा तिथूनच आलेली असते. रविवारी सुटी मिळाली तर ती पेनिन्सुला प्लाझाकडे जाते, किंवा बालेस्टियरजवळच्या ब्रह्मी बुद्धविहारात. तिच्या देशात आठवड्याची बैठक ही साधी गोष्ट आहे. इथे ती सुटीवर अवलंबून आहे. १ जानेवारी २०२३ पासून इथल्या नियमाप्रमाणे महिन्यातून किमान एक सुटीचा दिवस पैसे देऊन रद्द करता येत नाही. याचा अर्थ उरलेले रविवार अजूनही पैसे देऊन विकत घेता येतात.

हेल्पर ठेवू नये, असं मी म्हणत नाही. अनेक बायका इथे नोकरी करू शकतात त्या या व्यवस्थेमुळेच, आणि येणारीच्या घरीही त्या पगारावर कुणाचं तरी शिक्षण चाललेलं असतं. मी एवढंच म्हणते की "मी रोज सकाळी तासभर बसतो" या वाक्यातला "मी" एकटा नाही. त्या वाक्यात आणखी एक-दोन माणसं आहेत. त्यांना वाक्यातून वगळलं की ध्यान म्हणजे ज्याला परवडतं त्याची चैन होऊन बसते, आणि मैत्रीभावनेचे दोन शब्द शेवटी म्हणून ती भरून येत नाही.

सेवकाचं वेळापत्रक

गंमत म्हणजे हे सगळं शिबिर चालवणाऱ्यांना पक्कं ठाऊक आहे. केंद्रात पहाटे चारला घंटा होते, साडेसहाला नाश्ता, अकराला जेवण. दिवसाला जवळजवळ दहा तासांची साधना होते ती कुणीतरी भाजी चिरतं म्हणून. ते काम धम्मसेवक करतात: आधी शिबिर केलेली, बिनपगारी, आपणहून आलेली माणसं. केंद्राने दोन गोष्टी केल्या. मौनाला स्वयंपाकी लागतो हे उघड मान्य केलं आणि त्या कामाला प्रतिष्ठेचं नाव दिलं. आणि दुसरी, माझ्या मते अधिक महत्त्वाची: सेवकानेही दिवसातून तीनदा, सामूहिक साधनेच्या त्या तीन तासांत, बसलंच पाहिजे असा नियम केला. सकाळी आठ, दुपारी अडीच, संध्याकाळी सहा. स्वयंपाकघराचं काम त्या तीन तासांभोवती लावलं जातं. सेवकाचं बसणं उरलेल्या वेळावर सोडलेलं नाही.

घरी येताना आपण साधकाचं वेळापत्रक घेऊन येतो. यायला हवं सेवकाचं. साधकाच्या दिवसात दुसरं माणूस नसतंच. सेवकाच्या दिवसात माणसं आहेत, भांडी आहेत, घाई आहे, आणि तरी बसण्याची वेळ ठरलेली आहे. संसार त्याच्या जास्त जवळचा आहे. दहा दिवसांचं एक शिबिर बसून करावं आणि पुढचं एक सेवा देऊन करावं, असं मी घरदार असलेल्या प्रत्येकाला सुचवेन. रोज घरी कसं बसायचं याचं खरं शिक्षण तिथे मिळतं.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं? आमच्या घरात नवरा, मी आणि पाच वर्षांची मुलगी. एक आठवडा तो सकाळी साडेपाचला बसतो आणि मी सेवक. संध्याकाळी मुलगी झोपल्यावर मी बसते आणि ओट्याचं त्याच्याकडे. पुढच्या आठवड्यात उलट. वेळ अर्धा तास. जो सेवक आहे त्याने बसलेल्याला काहीही विचारायचं नाही, चहा-साखर सापडत नसेल तरी. मुलीला खोलीत यायला बंदी नाही; ती येऊन शेजारी लोळते, कधी मांडीवर डोकं ठेवते. ताप असेल, भीती वाटली असेल तर बसलेल्याने उठायचं, आणि ते उठणं मोडलेलं ध्यान म्हणून मोजायचं नाही. रविवारी तिच्या मैत्रिणीकडे तिला सोडून आम्ही दोघं एकत्र तासभर बसतो, आणि पुढच्या रविवारी त्यांची मुलगी आमच्याकडे असते, कारण त्यांनाही बसायचं असतं. यात थोर असं काहीच नाही. पण कुणाचा अर्धा तास कुणी दिला हे दोघांनाही दर दिवशी ठाऊक असतं.

तुम्ही सुरुवात करणार असाल तर माझं म्हणणं इतकंच. किती मिनिटं, हे ठरवण्याआधी त्या मिनिटांत घर कोण सांभाळणार हे मोठ्याने बोलून ठरवा. ज्याने सांभाळलं त्याची वेळ त्याच दिवशी ठरवा. घरात एकटे मोठे तुम्हीच असाल, तर पहाटेचा हट्ट सोडा. मूल झोपल्यानंतरची वीस मिनिटं किंवा ऑफिसात जेवणानंतरची पंधरा मिनिटं कमी दर्जाची नाहीत. ऊ बा खिन यांनी कचेरीतच माणसं बसवली होती. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला बसा, दुप्पट बसू नका.

एक आक्षेप

यावर एक रास्त आक्षेप येईल. ध्यान ही शेवटी एकट्याने करायची गोष्ट आहे. प्रत्येक वेळी कामाच्या वाटणीचा हिशेब काढत बसलो तर मन शांत कधी होणार? आपल्याकडच्या बायकांनी जात्यावर बसून ओव्या गायल्या, त्यांनी कुठे वेळ मागितला?

जात्याचं उदाहरण नेहमी दिलं जातं, म्हणून ते नीट पाहू. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जमवलेल्या ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर जाते. आता 'पारी'च्या संकेतस्थळावर त्या ऐकायलाही मिळतात. त्यात देव आहे, माहेर आहे, लेक आहे, आणि कष्टांचा उघड हिशेबही आहे. पहाटेचा तो काळ बाईचा स्वतःचा होता, पण दळण तिच्या हाती होतं म्हणूनच तो तिला मिळत होता. पिठाची गिरणी आली तेव्हा जातं सोडून ती मोकळी झाली आणि तिने सुटकेचा श्वास टाकला. त्या ओव्यांचं मोठेपण मान्य करून मी म्हणेन की त्यातून "बायकांना वेगळा वेळ लागत नाही" असा निष्कर्ष काढणं म्हणजे ओव्या न ऐकताच त्यांचं कौतुक करणं.

याच्या शेजारी हरिपाठ ठेवून पाहा. ज्ञानदेवांच्या नावे असलेले ते सत्तावीस-अठ्ठावीस अभंग वारकरी घरांत दिवेलागणीला म्हटले जातात. साधारण अर्ध्या तासाचं काम. नामस्मरण आणि श्वासाचं निरीक्षण या वेगळ्या पद्धती आहेत आणि गोयंका त्यांची सरमिसळ करू देत नाहीत, तेही त्यांच्या जागी बरोबर आहे. मला इथे पद्धत नको, मांडणी हवी आहे. रान शोधणारा सहावा अध्याय ज्यांनी लिहिला, त्यांच्याच नावावर संसारात राहून नाम घ्या असं सांगणारा हरिपाठ आहे. त्याला वेळ ठरलेली आहे, ती घराने मिळून ठरवली आहे. जेवण त्याआधी किंवा त्यानंतर होतं. मूल मांडीवर असतं, चुकीच्या जागी टाळ वाजवतं, आणि म्हणणारे पुढे जातात. तिथेही पोळ्या कोण लाटतं हा प्रश्न सुटलेला नव्हता. पण निदान लाटणारीही त्या अर्ध्या तासात सगळ्यांबरोबर बसलेली असे.

आपल्यापैकी बहुतेकांची आईवडिलांची घरं दूर आहेत. सांभाळायला आजी नाही, शेजारची काकू नाही. म्हणूनच परदेशातल्या घरात हा प्रश्न झाकून राहत नाही. पहाटे डोळे मिटले की ओट्यावरचा आवाज कुणाचा आहे हे नेमकं ऐकू येतं. शिबिरात सांगतात की जे ऐकू येतं, जे जाणवतं, ते जसं आहे तसं पाहा. मग तो आवाजही त्यात धरावा. आज ओट्यापाशी जे माणूस होतं त्याचा अर्धा तास कधी, हे आज झोपायच्या आधी त्याला विचारा. तुमच्याकडे काम करणारी बाई असेल तर तिलाही विचारा, आणि तिने सांगितलेली वेळ फ्रिजवरच्या वेळापत्रकात तुमच्या वेळेच्या खालीच लिहा.